परांची व साचेकाम

परांची व साचेकाम : इमारत, पूल, घुमट इत्यादींचे बांधकाम चालू असताना कामगारांना उभे राहण्यासाठी आणि बांधकामास स्वतःचे बळ येईपर्यंत ते तोलून धरण्यासाठी उभारण्यात येणाऱ्या तात्पुरत्या रचना. यांपैकी कामगार, हत्यारे व माल यांचा भार घेणाऱ्या सांगाड्यास परांची किंवा पहाड म्हणतात. दगडी वा विटांची कमान जिच्यावर रचली जाते, त्या लाकडी चौकटीस कमानसाचा, तर ओल्या काँक्रीटला आकार देणाऱ्या फळ्यांच्या वा पत्र्यांच्या आवरणास साचा असे म्हणतात. साच्याखाली उभे केलेले धिरे (टेकू), त्यांना जोडणारे आडवे व तिरपे बंध आणि तळाच्या फळ्या मिळून आधारसांगाडा बनतो. बांधकामाच्या जागी या सर्वांस मिळून ‘सेंटरिंग’ किंवा ‘शटरिंग’ हे शब्द रूढ आहेत.

या दोहोंमध्ये महत्त्वाचा फरक आहे. परांचीवरील भार हलका व हलता असतो. आधारसांगाड्यावरील भार जड असतो आणि तो थोड्याच तासांत एकदम येतो. स्लॅबचे काँक्रीट ओतले जात असताना त्यात स्वतःचे कोणतेही बळ नसते व त्याचे सगळे वजन खालच्या धिऱ्यांवर असते. म्हणजे इमारतीच्या आयुष्यातील सर्वांत नाजूक काळात तिची मदार पुढे मोडून टाकावयाच्या रचनेवर असते. पूर्ण झालेल्या वास्तूत या रचनेची खूण क्वचितच उरते. त्यामुळे वास्तुकलेच्या इतिहासात तिची नोंद थोडी आढळते व प्रत्यक्ष कामात तिच्याकडे पाहण्याची दृष्टीही बराच काळ दुय्यम राहिली. तिची निवड हा गणिताचा व जबाबदारीचा विषय आहे, ही जाणीव विसाव्या शतकात अनेक अपघातांनंतर दृढ झाली.

प्राचीन काळ : उंचीवर काम करण्यासाठी माचाण बांधण्याची कल्पना फार जुनी आहे. फ्रान्समधील लॅस्को येथील अश्मयुगीन चित्रगुहेच्या भिंतीत आढळलेल्या खोबणींवरून छताजवळची चित्रे काढण्यासाठी तेथे लाकडी माचाण केले असावे, असे अनुमान करतात. भिंत रचत असतानाच तिच्यात भोके ठेवून त्यांत आडव्या वाशांची टोके खोचण्याची व त्यांवर फळ्या टाकण्याची पद्धत रोमन काळात आणि मध्ययुगीन यूरोपात सर्रास वापरात होती. अशी भोके अनेक जुन्या भिंतींवर अद्याप दिसतात.

कमानीचा प्रसार झाल्यावर आधाराचा प्रश्न वेगळ्या स्वरूपात पुढे आला. कमानीचा माथ्याचा दगड बसेपर्यंत तिचे बाकीचे दगड एकमेकांना तोलू शकत नाहीत; म्हणून तोपर्यंत त्यांच्याखाली साचा असावा लागतो. दक्षिण फ्रान्समध्ये इ. स. पहिल्या शतकात रोमनांनी बांधलेल्या पाँ द्यू गार या सु. ४९ मी. उंचीच्या जलवाहिनी पुलाच्या दर्शनी भागावर पुढे आलेले दगड तसेच ठेवलेले आहेत. परांची व कमानसाचे यांना टेकण देण्यासाठी त्यांचा उपयोग केला जात असे. जमिनीपासून वरपर्यंत लाकूड उभे करण्याऐवजी पुलाच्या खांबालाच साच्याचा भार द्यावा, ही निवड त्यातून स्पष्ट दिसते. रोम येथील पॅन्थीऑनचा (सु. १२६) ४३·३ मी. व्यासाचा काँक्रीटचा घुमट लाकडी साच्यावर ओतलेला आहे. त्याच्या आतील पृष्ठभागावरील चौकोनी खोलगट कप्पे साच्याच्याच आकाराचा ठसा होत.

भारतीय मंदिरवास्तूत दीर्घकाळ आडव्या थरांची रचना प्रचलित होती. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे काढून वरची पोकळी मिटविली जात असे. या पद्धतीत प्रत्येक दगड मागील वजनाने दाबला जात असल्यामुळे पूर्ण कमानसाच्याची गरज पडत नाही. दिल्लीच्या कुव्वत-उल्-इस्लाम मशिदीच्या दर्शनी पडद्यातील (११९९) कमानीही याच पद्धतीच्या आहेत. दिल्ली येथील बल्बनची कबर (सु. १२८७) हे पाचरीच्या आकाराच्या दगडांनी रचलेल्या खऱ्या कमानीचे भारतातील आद्य उदाहरण मानले जाते. अशा कमानींबरोबर साचा करणाऱ्या सुताराचे कौशल्य गवंड्याच्या कौशल्याइतकेच आवश्यक ठरले. विजापूरच्या गोल घुमटात (१६५६) एकमेकींना छेदणाऱ्या कमानींच्या योगे खालच्या प्रचंड चौरसाचे वर लहान वर्तुळात रूपांतर केलेले आहे. त्यामुळे प्रत्यक्ष घुमटाने झाकावयाचे अंतर पुष्कळ कमी झाले.

साच्यावाचून घुमट : आधाराची निवड मुख्य रचनेचे स्वरूप ठरवू शकते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा घुमट हे होय. तेथील अष्टकोनी पाया चौदाव्या शतकातच योजिला गेला होता, परंतु सु. ४३ मी. अंतर झाकणारा साचा जमिनीपासून ५० मी.हून अधिक उंचीवर कसा उभारावयाचा, हे कोणालाच सांगता येत नव्हते. एवढे लांब व जाड लाकूड मिळविणे कठीण होते आणि मिळाले, तरी साच्याचे स्वतःचेच वजन त्यास पेलले नसते. १४१८ मध्ये या कामासाठी स्पर्धा जाहीर करण्यात आली. पैशांची नाणी मिसळलेल्या मातीचा ढीग आत रचून त्यावर घुमट बांधावा, म्हणजे पुढे नाण्यांच्या लोभाने लोकच माती उपसून नेतील, अशी एक सूचना त्या वेळी पुढे आल्याचे जॉर्जो व्हाझारी यांनी नोंदविले आहे. ही कथा खरी असो वा नसो, अडचण कोठे होती हे तिच्यावरून कळते.

फिलीपो ब्रूनेल्लेस्की (१३७७–१४४६) यांनी पूर्ण साच्याचा विचारच सोडून दिला. आतील व बाहेरील अशा दोन कवचांचा घुमट वलयावलयाने वर न्यावयाचा, प्रत्येक वलय मिटल्यावर ते स्वतःस तोलील अशी रचना करावयाची आणि नव्या विटा घसरू नयेत म्हणून त्यांमध्ये ठराविक अंतरावर उभ्या विटांची नागमोडी वीण घालावयाची, अशी ही योजना होती. गवंड्यांसाठी लागणारी माचाणे घुमटाच्याच भिंतीत बसविलेल्या लाकडांवर टांगलेली होती व काम चढत जाई तशी ती वर नेली जात. १४२० मध्ये सुरू झालेले हे काम १४३६ मध्ये पूर्ण झाले. येथे परांची होती. पण आधारसाचा नव्हता.

कमानसाचा सोडविणे : पुलांच्या बाबतीत साचा टाळता येत नसे. नदीच्या पात्रात पुरेसे खांब रोवून त्यांवर तो उभारणे सोयीचे असे. तथापि त्यामुळे नौकांचा मार्ग अडे व पुरात सर्व लाकूड वाहून जाण्याचे भय असे. फ्रेंच अभियंते झां रॉडॉल्फ पेरॉने (१७०८–९४) यांनी पॅरिसजवळ नयी येथे बांधलेल्या पुलाच्या पाच कमानींचा गाळा प्रत्येकी सु. ३९ मी. होता. पूर्वापार ठोकताळ्याप्रमाणे पुलाचा खांब गाळ्याच्या सु. एक पंचमांश रुंदीचा ठेवीत. पेरॉने यांनी तो सु. एक नवमांशाइतकाच ठेवला. इतका बारीक खांब एका बाजूच्या कमानीचा रेटा सोसू शकत नाही. दोन्ही बाजूंच्या कमानींनी एकमेकींचा रेटा तोलला, तरच तो टिकतो. म्हणून सर्व कमानींचे साचे एकाच वेळी उभे ठेवणे व ते एकाच वेळी सोडविणे क्रमप्राप्त झाले. कायम रचनेत वाचविलेल्या दगडाची किंमत अशा रीतीने तात्पुरत्या लाकडात मोजावी लागली. मध्ये टेकू नसलेले हे साचे दगडांच्या वजनाने बरेच दबलेही. म्हणून कमान किती खाली बसेल याचा अंदाज आधीच बांधावा लागे. २२ सप्टेंबर १७७२ रोजी पंधरावे लूई यांच्या उपस्थितीत साचे सोडविण्याचा मोठा समारंभ झाला. हा पूल आता अस्तित्वात नाही.

साचा सोडविण्याची क्रिया सावकाश व सर्व ठिकाणी सारखी व्हावी लागते. एका टोकाचा आधार आधी सुटला, तर कमानीवर विषम ताण येतो. यासाठी प्रथम लाकडी पाचरी वापरीत व त्या ठोकून थोड्या थोड्या ढिल्या करीत. ओल्या हवेत फुगलेल्या व भाराने आवळलेल्या पाचरी सुटणे मात्र अवघड जाई. एकोणिसाव्या शतकात कोरड्या वाळूने भरलेल्या पेट्यांचा उपयोग होऊ लागला. पेटीच्या तळाजवळील भोक उघडले, की वाळू हळूहळू बाहेर पडते व तीवरील आधार तितक्याच संथपणे खाली बसतो. पुढे पेचाचे व द्रवचलित जॅक प्रचारात आले.

प्रबलित काँक्रीट : झोझेफ मोन्ये यांनी १८६७ मध्ये व फ्रांस्वा एनबीक यांनी १८९२ मध्ये घेतलेल्या एकस्वांनंतर लोखंडी गजांच्या काँक्रीटचा प्रसार झाला आणि साचेकामाचे महत्त्व एकदम वाढले. विटांच्या भिंतीस साचा लागत नाही; काँक्रीटच्या इमारतीत स्तंभ, तुळई, स्लॅब व जिना या प्रत्येकास साचा लागतो. शिवाय दगडाला घडण आधीच असते, तर काँक्रीटला ती साच्यातच मिळते. चंडीगढ येथील ल कॉर्ब्यूझ्ये यांच्या इमारतींवर साच्यांचे ठसे मुद्दाम तसेच ठेवलेले दिसतात.

काँक्रीटमुळे काळ हा नवा घटक हिशोबात आला. चुन्यापेक्षा सिमेंट लवकर कठीण होते. पण साचा केव्हा काढावा, हा प्रश्न त्यामुळे सुटला नाही. अझेन फ्रेसिने (१८७९–१९६२) यांनी फ्रान्समध्ये ल व्हर्द्र येथे बांधलेल्या पुलाच्या सु. ७२ मी. गाळ्यांच्या कमानी १९११ मध्ये जॅकच्या साहाय्याने माथ्याशी रेटून साच्यावरून उचलण्यात आल्या. त्यानंतरच्या महिन्यांत त्या धोकादायक रीतीने खचू लागल्या. फ्रेसिने यांनी पुन्हा जॅक लावून त्या वर उचलल्या व पूल वाचविला. सततच्या भाराखाली काँक्रीट दीर्घकाळ हळूहळू आखडत जाते, या गुणधर्माकडे या घटनेने त्यांचे लक्ष वेधले.

मोठ्या कमानींच्या खर्चात साच्याचा वाटा फार मोठा असल्याने तो कमी करण्याचे निरनिराळे मार्ग शोधले गेले. ब्रिटनीमधील प्लूगास्तेल पुलासाठी (१९३०) फ्रेसिने यांनी सु. १८० मी. गाळ्याचा एकच लाकडी साचा तयार केला. तो तराफ्यांवरून तरंगत नेऊन तिन्ही कमानींसाठी पुन:पुन्हा वापरला. स्वित्झर्लंडमध्ये रोबेर मायार (१८७२–१९४०) यांच्या साल्गिनाटोबेल पुलाचा (१९३०) गाळा ९० मी. आहे. खोल दरीतील त्याचा लाकडी साचा रिखार्ट कोराय यांनी उभारला. या साच्याने फक्त कमानीच्या पातळ स्लॅबचा भार घ्यावा व ती कठीण झाल्यावर तिनेच पुढील काँक्रीट पेलण्यास मदत करावी, असा क्रम ठरविल्यामुळे साचा पुष्कळ हलका करता आला.

या वाटचालीतील धोकाही लवकरच दिसून आला. स्वीडनमधील साँद येथे २६४ मी. गाळ्याच्या पुलाचे काँक्रीट ओतण्याचे काम चालू असता ३१ ऑगस्ट १९३९ रोजी त्याचा लाकडी कमानसाचा कोसळला व १८ कामगार मृत्युमुखी पडले. दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या महायुद्धास तोंड लागल्याने वृत्तपत्रांत या घटनेस फारशी जागा मिळाली नाही. पूल पुढे १९४३ मध्ये पूर्ण झाला व १९६३ पर्यंत तो जगातील सर्वांत मोठ्या गाळ्याचा काँक्रीट कमानपूल होता. १९६४ मध्ये पूर्ण झालेल्या सिडनी येथील ग्लेड्सव्हिल पुलाच्या (३०५ मी.) बांधणीत आधीच ओतून तयार केलेले पोकळ ठोकळे पोलादी आधारसांगाड्यावर ओळीने मांडण्यात आले. कमानीची एक फासळी पूर्ण झाली, की तिच्यात बसविलेले चपटे जॅक फुगवून ती आधारावरून उचलली जाई व तोच सांगाडा बाजूस सरकवून पुढील फासळी रचली जाई.

लाकूड, बांबू व पोलाद : परांची व धिरे यांसाठी बांबू, सुरूचे वासे व बल्ल्या यांचा वापर भारतात पूर्वापार आहे. बांबू वजनाने हलका, लांब व स्वस्त असून तो काथ्याच्या दोरीने बांधता येतो. इमारतीच्या वेड्यावाकड्या दर्शनी भागाशी तो सहज जुळवून घेतो. मुंबईत जुन्या इमारतींची दुरुस्ती व रंगकाम यांसाठी आणि हाँगकाँगमध्ये तर उत्तुंग इमारतींसाठीही बांबूची परांची वापरण्यात आली आहे. तथापि दोन बांबू कधीही सारख्या ताकदीचे नसतात. गाठीची घट्टी बांधणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. ऊन-पावसाने दोरी सैल पडते व कीड लागल्यास ती बाहेरून दिसत नाही. त्यामुळे परांचीसाठी चालणारा बांबू जड स्लॅबच्या धिऱ्यासाठी योग्य ठरेलच असे नाही.

इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी डॅनियल पामर-जोन्स यांनी दोरीच्या गाठीऐवजी धातूच्या जोडणीचा पुरस्कार केला. पुढे लोखंडी व पोलादी नळ्या आणि त्या काटकोनात घट्ट पकडणारे जोड (कपलर) यांची पद्धत स्थिर झाली. आज सर्वत्र आढळणाऱ्या परांचीच्या नळीचा बाह्य व्यास सु. ४८ मिमी. असतो. १९३५ च्या सुमारास विल्यम द व्हिज्ये या स्विस उद्योजकाने एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या, अडकविण्याची खीळ व आटे असलेले कडे यांचा धिरा इंग्लंडमध्ये प्रचारात आणला. उंची बारकाईने जुळविता येणे आणि भाराखाली असतानाही कडे फिरवून तो सावकाश उतरविता येणे, हे त्याचे दोन मोठे गुण होत. लाकडी धिऱ्याखालील पाचरीचे काम येथे आट्यांनी घेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर तयार चौकटींच्या परांच्या आणि १९७० नंतर कप किंवा तबकडीच्या जोडणीच्या प्रणाली आल्या. त्यांत जोडांची अंतरे कारखान्यातच ठरलेली असल्यामुळे चुकीला वाव कमी राहतो. मात्र अनियमित आकाराच्या कामात सुट्या नळ्या व कपलर अधिक सोयीचे ठरतात.

निवडीची तत्त्वे : आधाराची निवड भार, उंची, जमीन, काळ व पुनर्वापर या पाच गोष्टींवर अवलंबून असते. गजांसह काँक्रीटचे वजन दर घ. मी.ला सु. २,५०० किग्रॅ. धरतात. त्यावरून १५ सेंमी. जाडीच्या स्लॅबचे वजन दर चौ. मी.ला ३७५ किग्रॅ. होते. त्यात साचा, कामगार, काँक्रीट वाहण्याची साधने व त्यांचे हादरे यांचा भार मिळवावा लागतो. एक मी. अंतरावर धिरे लावल्यास प्रत्येकावर साधारणतः अर्धा टन वा त्याहून अधिक भार येतो. स्लॅब ६० सेंमी. जाडीची असेल, तर काँक्रीटचाच भार दीड टन होतो. एकाच ठिकाणी काँक्रीटचा ढीग ओतल्यास हिशोबात धरलेल्या भाराची मर्यादा सहज ओलांडली जाते. स्तंभ व भिंत यांच्या साच्यावर आडवा दाब येतो. तीन मी. उंचीचा स्तंभ एका दमात भरल्यास काँक्रीट द्रवाप्रमाणे वागून तळाशी दर चौ. मी.ला सु. साडेसात टनांपर्यंत दाब देऊ शकते. सावकाश भरल्यास खालचे काँक्रीट आवळू लागते व दाब कमी राहतो.

उंचीचा परिणाम अनुभवाने सहसा लक्षात येत नाही. सडपातळ खांब भाराने चिरडण्यापूर्वीच बाजूस वाकून निकामी होतो. हा भार खांबाच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, असे लेओनार्ट ऑयलर (१७०७–८३) यांनी १७४४ मध्ये दाखविले. त्यानुसार तीन मी. लांबीचा धिरा जो भार सोसतो, त्याच्या चौथा हिस्साच तशाच जाडीचा सहा मी.चा धिरा सोसतो. उलट, धिऱ्याच्या मध्यावर तो दोन्ही दिशांस हलणार नाही असा आडवा बंध घातल्यास त्याची ताकद सु. चौपट होते. परंतु नुसते आडवे बंध पुरत नाहीत. ते सर्व धिऱ्यांसह एकदम एका बाजूस कलंडू शकतात. म्हणून तिरपे बंध आवश्यक असतात. सामान वाचविण्यासाठी सर्वप्रथम हेच बंध गाळले जातात व कोसळलेल्या सांगाड्यांत बहुधा त्यांचीच उणीव आढळते.

धिऱ्याचे बळ त्याच्या खालच्या जमिनीपेक्षा अधिक असू शकत नाही. भराव, चर बुजविलेली जागा व पावसाने भिजलेली माती भाराखाली खचते. एक धिरा खचला, की त्याचा भार शेजारच्यांवर जातो. म्हणून तळाशी रुंद फळ्या वा तळपत्रे देऊन भार पसरवितात; सुट्या विटांवर धिरा उभा करणे धोक्याचे असते. व्हिएतनाममधील कान थो पुलाच्या पोचमार्गाचा आधारसांगाडा २६ सप्टेंबर २००७ रोजी कोसळून ५० हून अधिक कामगार मरण पावले. त्याचे मूळ तात्पुरत्या आधाराच्या पायाच्या खचण्यात होते.

बहुमजली इमारतीत जमिनीची जागा खालचा मजला घेतो. नव्या स्लॅबचे धिरे आठ-दहा दिवसांपूर्वीच ओतलेल्या स्लॅबवर टेकतात. खालच्या मजल्यांवर बांधकामाच्या काळात येणारा भार त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून अधिक असू शकतो, असे पॉल ग्रंडी व कबायला यांनी १९६३ मध्ये गणिताने दाखविले. म्हणून किती मजल्यांखाली धिरे ठेवावयाचे, हे आधीच ठरवावे लागते. साचा उतरविण्याच्या किमान मुदती भारतीय मानक आय. एस. ४५६ (२०००) मध्ये दिल्या आहेत. साधे पोर्टलंड सिमेंट असताना व हवेचे तापमान १५° से. च्या खाली गेले नसताना भिंती व स्तंभ यांचे उभे साचे १६ ते २४ तासांनी काढता येतात. स्लॅबचे धिरे ४·५ मी. पर्यंतच्या गाळ्यास ७ दिवस व त्याहून मोठ्या गाळ्यास १४ दिवस, तर तुळईचे धिरे ६ मी. पर्यंत १४ दिवस व त्यापुढे २१ दिवस ठेवावयाचे असतात. थंडीत या मुदती पुरेशा होत नाहीत.

अपघात व जबाबदारी : मुदतीपूर्वी आधार काढण्याचे परिणाम अमेरिकेतील दोन दुर्घटनांनी स्पष्ट केले. व्हर्जिनिया राज्यातील बेलीज क्रॉसरोड्स येथे २ मार्च १९७३ रोजी चोविसाव्या मजल्याचे काम चालू असताना त्याखालील धिरे अकाली काढल्यामुळे कोवळी स्लॅब स्तंभांभोवती फाटली. कोसळलेला भाग खालचे मजले एकामागून एक मोडीत जमिनीपर्यंत गेला व १४ कामगार ठार झाले. वेस्ट व्हर्जिनियातील विलो आयलंड येथे वीज केंद्राच्या शीतक मनोऱ्याची परांची आदल्या दिवशी ओतलेल्या काँक्रीटमध्ये अडकविलेली होती. २७ एप्रिल १९७८ रोजी ते काँक्रीट भार न सोसता निखळले आणि सु. ५० मी. उंचीवरून पडून ५१ कामगार मृत्यू पावले. चीनमधील फंगछंग येथे २४ नोव्हेंबर २०१६ रोजी अशाच मनोऱ्यावर, काँक्रीटला पुरेसे बळ येण्यापूर्वी साचा काढल्याने, ७० हून अधिक कामगार प्राणास मुकले. दोन घटनांत अडतीस वर्षांचे अंतर असूनही कारण मूलतः एकच होते.

इंग्लंडमध्ये रेडिंगजवळील लॉडन नदीवरील पुलाचा आधारसांगाडा २४ ऑक्टोबर १९७२ रोजी कोसळून तिघे मृत्युमुखी पडले. त्यानंतर स्टीव्हन ब्रॅग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९७५ मध्ये अंतिम अहवाल सादर केला. पुलाचा आराखडा एकाने करावा, सांगाड्याचे सामान दुसऱ्याने पुरवावे, उभारणी तिसऱ्याने करावी आणि संपूर्ण तात्पुरत्या रचनेस कोणीच उत्तरदायी नसावे, ही स्थिती अपघातांस कारण होते, हे या चौकशीतून प्रकाशात आले. आराखडा, तपासणी, काँक्रीट ओतण्याची अनुज्ञा व साचा सोडविण्याची अनुज्ञा या सर्वांचा मेळ घालणारी एक निश्चित व्यक्ती प्रत्येक कामावर असावी, अशी शिफारस करण्यात आली. तिच्या अनुरोधाने १९८२ मध्ये बी. एस. ५९७५ हे ब्रिटिश मानक प्रसिद्ध झाले. आडव्या बळाचे दुसरे कोणतेही कारण दिसत नसले, तरी उभ्या भाराच्या किमान अडीच टक्के आडवे बळ सांगाड्याने सोसले पाहिजे, असा दंडक त्यात घालण्यात आला.

भारतातील स्थिती : भारतीय रस्ते परिषदेने पुलांच्या साचेकामासाठी १९८४ मध्ये आय. आर. सी. ८७ ही मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. परांचीच्या सुरक्षिततेविषयी आय. एस. ३६९६ व आधारसांगाड्याविषयी आय. एस. १४६८७ (१९९९) ही मानके आहेत. इमारत व इतर बांधकाम कामगारांविषयी १९९६ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने व १९९८ च्या नियमांनी परांचीसंबंधीची कर्तव्ये मालकांवर टाकली. पुढे या विषयाचा समावेश व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेत करण्यात आला. मोठ्या प्रकल्पांवर आराखड्याप्रमाणे काम होते. लहान इमारतींत मात्र धिऱ्यांची संख्या व अंतरे बहुधा सेंटरिंगचा ठेकेदार अनुभवाने ठरवितो. नेहमीच्या उंचीच्या खोलीत हा अनुभव पुरेसा ठरतो. दुप्पट उंचीचा दिवाणखाना, रुंद सज्जा किंवा जाड स्लॅब आली, की तोच अनुभव फसवा होतो.

जमिनीवरील आधार पूर्णपणे टाळणाऱ्या पद्धतीही विकसित झाल्या आहेत. जर्मनीत उलरिख फिन्स्टरवाल्डर यांनी १९५० च्या सुमारास खांबापासून दोन्ही बाजूंस पुलाचे तुकडे वाढवीत नेण्याची पद्धत प्रचारात आणली. कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळील पानवल नदीच्या पुलाची लांबी ४२४ मी. असून त्याचा सर्वांत उंच खांब सु. ६४ मी. आहे. एवढ्या खोल दरीत धिरे उभारणे व्यवहार्य नव्हते. म्हणून पुलाचा मार्गभाग एका काठावर टप्प्याटप्प्याने ओतून जॅकने खांबांवरून पुढे ढकलण्यात आला. भारतात ही पद्धत येथे प्रथम वापरली गेली. तथापि अशा पद्धतींत तात्पुरत्या साधनाची जोखीम नाहीशी न होता यंत्राकडे जाते. १ ऑगस्ट २०२३ रोजी ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळया बसविणारे यंत्र कोसळून २० जणांचा मृत्यू झाला.

लाकूड जाऊन पोलाद व ॲल्युमिनियम आले, गाठीच्या जागी कपलर व पाचरीच्या जागी जॅक आला. तरी काँक्रीटला बळ येण्यास लागणारा काळ, जमिनीची सोशिकता व सडपातळ खांबाची वाकण्याची प्रवृत्ती यांत बदल झालेला नाही. त्यामुळे परांची व आधारसाचा यांची किंमत निविदेतील एक किरकोळ बाब न मानता, त्यांचा आराखडा मुख्य रचनेच्या आराखड्याबरोबरच करणे व काँक्रीट ओतण्यापूर्वी त्यांची तपासणी एका जबाबदार व्यक्तीने करणे, हे सुरक्षित बांधकामाचे मूलभूत गमक मानले जाते.